ओल

जून महिना लागला की माझी आई स्वयंपाकघरातील फडताळाशी जाऊन मिठाच्या बरणीचे झाकण उघडून पाहायची. खडेमीठ ओलसर दिसू लागले, बरणीच्या तळाशी चमचाभर पाणी साचले, की ती म्हणायची, “मिठाला पाणी सुटलं. आता पाऊस दोन दिवसांवर आला.” मग अंगणातील लाकूडफाटा पडवीत यायचा, सुक्या बोंबलांचे डबे एकदा शेवटचे ऊन खाऊन माळ्यावर चढायचे, आणि ओटीवरच्या आल्ताराभोवतीचे कागदी तोरण ती उतरवून ठेवायची. तिची ही वेधशाळा फारशी चुकल्याचे मला आठवत नाही.

पुढे मी विज्ञानाचा शिक्षक झालो. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले बाष्प ओढून घेते आणि त्यातच विरघळू लागते, हे मी मुलांना फळ्यावर लिहून देत असे. आईच्या बरणीचे उदाहरण दिले की मुले हसत. मात्र हेच मीठ बरणीप्रमाणे भिंतीतही असू शकते, हे ध्यानात यायला मला वयाची पंचेचाळीस वर्षे खर्ची घालावी लागली. त्याची किंमत मी भरली नाही, आईने भरली. म्हणून हा लेख.

आमचे वसईतील घर आजोबांनी १९३१ साली बांधले. काळ्या दगडाचे गुडघाभर जोते, त्यावर विटांच्या दीड हात जाड भिंती, सागवानी तुळया आणि वर मंगळुरी कौले. त्या काळी सिमेंट मिळत नव्हते असे नाही. पोरबंदरच्या कारखान्यात १९१४ सालापासून सिमेंट तयार होऊ लागले होते. पण ते महाग होते आणि आजोबांचा त्यावर विश्वास नव्हता. आमच्या किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना काढण्याची रीत जुनी. पोर्तुगीजांनी १५३४ ते १७३९ या दोनशे वर्षांत वसईच्या किल्ल्यात ज्या इमारती उभारल्या त्या दगडाच्या आणि चुन्याच्याच. आजोबांनी अंगणात खड्डा खणून त्यात चुना विझवला, तीन महिने मुरवला, आणि मग बैलाच्या घाणीत तो रेती व सुरखीबरोबर मळवून घेतला. चुना मुरेपर्यंत गवंड्यांना काम न देता बसवून ठेवणारा खुळा माणूस म्हणून गावात त्यांची थट्टा झाली, असे आई सांगायची. ती या घरात सून म्हणून आली तेव्हा भिंतींना वीस-बावीस वर्षे झाली होती. दर वर्षी नाताळच्या आधी भिंतींना चुन्याचा हात फिरवणे हे घरातील बायकांचे काम. आईने ते चाळीसहून अधिक वर्षे केले.

मला त्या भिंतींची लाज वाटत असे, हे आज कबूल केले पाहिजे. टेकून बसले की पाठीला पांढरी भुकटी लागायची. खिळा ठोकायला जावे तर मूठभर चुना गळून पडायचा. शेजारीपाजारी स्लॅबची घरे उभी राहत होती, त्यांच्या भिंती आरशासारख्या चकचकीत होत्या. १९९९ च्या उन्हाळ्यात हाती थोडे पैसे आले आणि मी घराचे नूतनीकरण काढले. कंत्राटदार तरुण होता, चुणचुणीत होता. त्याने आठ दिवसांत सगळा जुना गिलावा पाडला आणि सिमेंटचा नवा गिलावा चढवला. त्यावर ऑइल पेंट. लाकडी गजांच्या खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या. कौलांतून धूळ पडते म्हणून खालून प्लायवूडचे छत मारले. अंगणात चिखल नको म्हणून घराभोवती कोबा घातला.

गिलावा पाडायला सुरुवात झाली त्या दिवशी आई दारात उभी होती. “भिंतीला हात लावू नकोस रे,” एवढेच ती म्हणाली. मी हसून म्हणालो, “आई, जग कुठे गेलं, आपण अजून शिंपल्यात!” ती आत निघून गेली. त्या वर्षीच्या नाताळात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी भिंतीवरून हात फिरवून दाखवला.

ते सुख एक पावसाळाही टिकले नाही. २००० सालच्या जुलैत आईच्या खोलीतील भिंतीवर, जोत्यापासून हातभर उंचीवर, रंगाला फुगे आले. फुगा दाबला की आतून पाणी यायचे. ऑगस्टमध्ये ओल छातीएवढी चढली. जुन्या भिंतींनाही पावसाळ्यात ओल येत असे, पण ती पाऊलभर, आणि दसऱ्यापर्यंत वाळून जायची. ही ओल दसरा गेला तरी हटेना. कपाट पुढे ओढले तेव्हा त्याच्या पाठीमागे भिंतभर काळी बुरशी पसरलेली दिसली. प्लायवूडच्या छताला एक डोळ्यांना झोंबणारा वास येत होता, त्यात या कुबट वासाची भर पडली. आणि आईचा खोकला सुरू झाला. संध्याकाळच्या रोझरीला ती पुढाकार घेत असे. आता पहिल्या दहा मण्यांतच तिला ढास लागायची आणि उरलेली प्रार्थना आम्ही मुले पुढे चालवायचो. ती तोंडाला पदर लावून भिंतीकडे पाहत बसायची.

डॉक्टरांनी औषध दिले आणि सहज विचारले, “घरात अलीकडे काही बदल केलात का?” मी म्हणालो, “हो, घर नवीन केलं.” ते काही बोलले नाहीत. कागदावर लिहीत राहिले.

कंत्राटदाराने येऊन फुगे खरवडले, ओल थांबवणारे म्हणून कसलेसे द्रावण फासले, वर पुन्हा रंग दिला आणि पैसे घेऊन गेला. पुढच्या पावसाळ्यात ओल डोक्याच्या वर चढली. तेव्हा आईच म्हणाली, “गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याला बोलाव. त्याचा बाप तुझ्या आजोबांच्या कामावर होता.”

तो आला. त्याने थापीच्या दांड्याने भिंत ठोकत ठोकत पाहिली. कुठे टणक आवाज यायचा, कुठे पोकळ. पोकळ जागी त्याने गिलाव्याचा एक तुकडा उचकटला. आतल्या विटा काळपट ओल्या होत्या आणि त्यांच्या तोंडावर पांढरी केसाळ भुकटी उगवली होती. त्याने ती बोटावर घेऊन माझ्यापुढे धरली. “चाखून बघ पोरा.” मी जिभेला लावली. खारट होती.

“लोणा,” तो म्हणाला. “पाऊस वरून आला असता तर तुझा रंग कामाला आला असता. हे पाणी खालून येतं. त्याला बाहेर पडायला वाट होती, ती तू बुजवलीस. मग ते वर चढणार नाही तर काय करणार?”

वाचकहो, नववीच्या वर्गात मी वीस वर्षे केशाकर्षणाचा धडा शिकवत होतो. खडूचे टोक शाईत बुडवून शाई वर कशी चढते ते दाखवत होतो. वीट म्हणजे मोठा खडूच. जमिनीतील पाणी तिच्या बारीक छिद्रांतून वर चढते, आणि येताना मातीतील, रेतीतील क्षार विरघळवून घेऊन येते. आमच्यासारख्या खाडीकाठच्या गावात क्षारांना तोटा नाही. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. त्यातून पाण्याची वाफ होऊन ते निघून जाते. जेवढे खालून येते तेवढे बाजूने उडून जाते, म्हणून ओल पाऊलभर चढून थबकते. सिमेंटचा दाट गिलावा आणि त्यावर तेलाचा रंग चढवला की ही उडण्याची वाट जवळजवळ बंद होते. मग पाणी जिथे वाट मिळेल तिथवर चढत जाते. त्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागे स्फटिक होऊन साचतात. स्फटिक वाढताना एवढा दाब देतात की गिलावा भिंतीपासून सुटतो आणि विटेचे तोंड भुगा होऊन झडते. चुन्याच्या गिलाव्यातही क्षार साचतात, पण तेथे झिजतो तो गिलावा, भिंत नव्हे. दर काही वर्षांनी नवा हात द्यायचा आणि भिंत वाचवायची, असा तो करार असतो. माझ्या पाठीला लागणारी ती पांढरी भुकटी म्हणजे भिंतीऐवजी चुन्याने स्वतः झिजून केलेली चाकरी होती.

शिवाय ते मीठ एकदा भिंतीत शिरले की आईच्या बरणीचाच खेळ सुरू होतो. जमिनीतून एक थेंबही आला नाही तरी पावसाळी हवेतील बाष्प ओढून भिंत आपली आपण ओली होते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली येण्याचे दिवस थोडेच. बरणीतल्या मिठावरून आई पाऊस ओळखत होती, आणि मी भिंतीत मीठ कोंडून ठेवले होते.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. चुनखडी किंवा शिंपले सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजले की त्यांतून कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घातले की तो उकळू लागतो आणि विझतो. हाच विझलेला चुना भिंतीवर चढला की हवेतील कर्बवायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. शिंपल्यापासून निघून शिंपल्याच्याच द्रव्यापाशी पोहोचणारे हे वर्तुळ आहे. ते पुरे व्हायला महिने, वर्षे लागतात. आजोबांची सगळी सबुरी या वर्तुळासाठी होती.

सिमेंटला एवढा वेळ लागत नाही. इंग्लंडमधील लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने १८२४ साली ‘पोर्टलंड सिमेंट’चे पेटंट घेतले. पोर्टलंड येथील नावाजलेल्या इमारती दगडावरून त्याने ते नाव दिले. आजचे सिमेंट सुमारे १४५० अंशांच्या भट्टीत भाजावे लागते, आणि जगभर हवेत जाणाऱ्या कर्बवायूपैकी ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंट उद्योगाचा आहे. तरी सिमेंटला दूषणे देण्याचा माझा हेतू नाही. पूल, धरणे, उंच इमारती त्यावाचून उभ्या राहिल्या नसत्या. चूक सिमेंटची नव्हती. जी भिंत पाणी पिते आणि सोडते अशा हिशेबाने बांधली होती, तिला पाणी अडवणारा अंगरखा मी घातला, ही चूक होती.

‘भिंत श्वास घेते’ असे म्हणण्याची एक पद्धत आहे. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांना तर ते अक्षरशः खरे वाटत होते. विटेतून फुंकर घालून पलीकडील मेणबत्ती विझवण्याचा प्रयोग ते करून दाखवीत. पुढच्या मोजमापांत असे आढळले की गिलावा केलेल्या भिंतीतून खेळणारी हवा अगदी नगण्य असते. भिंत हवा घेत नाही, ती फक्त बाष्प घेते आणि देते. खोलीत माणसांना लागणारी ताजी हवा दारांतून, खिडक्यांतून आणि फटींतूनच यावी लागते. पेटेनकोफर यांचे दुसरे मत मात्र टिकले. माणसांच्या श्वासाने खोलीतील कर्बवायू हवेच्या हजारात एक भागाहून अधिक झाला की ती हवा राहण्याजोगी नाही, असे त्यांनी १८५८ साली मांडले. खोलीत हवा पुरेशी खेळते की नाही हे ठरवताना तो आकडा आजही घेतला जातो.

आमच्या जुन्या घरात ही हवा कौलांमधून खेळत होती. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे ज्या कौलांचा कारखाना काढला, त्याच जातीची ही कौले. एकमेकांत अडकतात, पाऊस आत येऊ देत नाहीत, पण गरम आणि दमट हवेला वर निसटू देतात. मी खाली प्लायवूड मारून ती वाटही बंद केली. त्या वेळच्या प्लायवूडला चिकटवायला वापरलेल्या राळेतून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू बरेच दिवस झिरपत राहतो, उष्मा आणि दमटपणा वाढला की अधिकच. डोळ्यांना झोंबत होते ते तेच असावे. माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांत त्याची गणना २००४ साली झाली. आणि २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने घरातील ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. अमुक इतकी बुरशी चालेल अशी सुरक्षित मर्यादा सांगता येत नाही, ओल होऊ न देणे आणि झाल्यास ती काढणे हाच उपाय, असा तिचा आशय आहे. मी ती वाचली तेव्हा आईच्या खोकल्याला नऊ वर्षे झाली होती.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. जुने घर म्हणजे नंदनवन नव्हते. आईने तीस वर्षे चुलीपुढे बसून स्वयंपाक केला. झावळ्या, करवंट्या, ओली लाकडे, जे मिळेल ते जाळले. स्वयंपाकघराच्या तुळया काजळीने डांबरासारख्या झाल्या होत्या. त्या धुराने लाकडाला कीड लागत नाही, असे आम्ही कौतुकाने म्हणत असू. त्या तुळयांखाली बसलेल्या बाईच्या छातीत काय साचत होते ते कोणी पाहिले नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या वाट्याला येणारा धूर मोजला. शहरांतील धुराची चिंता करणाऱ्या जगाला तेव्हा कुठे घरातील धूर दिसू लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरगुती धुरामुळे सुमारे ३२ लाख माणसे दगावली. आमचे डॉक्टरही पुढे एकदा म्हणाले, “छाती चुलीने आधीच कमजोर केली होती. ओल हे निमित्त झालं.” त्यांनी माझे समाधान करण्यासाठी तसे म्हटले असावे. मला मात्र त्यातून दुप्पट ऐकू आले. एकदा आम्ही पाहिले नाही, आणि दुसऱ्यांदा मी पाहूनही ऐकले नाही.

२००२ साली मी भिंती पुन्हा सोलल्या. या खेपेस म्हातारा गवंडी सांगेल तसे केले. पहिल्याने त्याने भिंतीला हातच लावला नाही. घराभोवतीच्या कोब्याची हातभर पट्टी फोडायला लावली. कोब्याचा उतार घराकडे होता आणि पागोळ्यांचे पाणी सरळ जोत्यात जात होते. तेथे चर खणून खडी भरली. मग आईच्या खोलीतला आणि ओटीवरला गिलावा काढून विटा फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत उघड्या ठेवल्या. वर येणारा लोणा दर आठवड्याला कोरड्या कुंचल्याने झाडून बाहेर टाकायचा. पाण्याने धुवायचा नाही, कारण धुतला की तो पुन्हा आत जातो. चुन्यासाठी तीन बाजार पालथे घातले. दुकानदार पांढऱ्या सिमेंटची पिशवी पुढे करीत. अखेर कळीचा चुना मिळाला तेव्हा तो विझवायला मी माझ्या नववीच्या मुलांना बोलावले आणि टाकीपासून लांब उभे केले. पाणी पडताच चुना फुसफुसला, फुलला आणि उकळू लागला. वाफेचा लोट उठला. फळ्यावरचे समीकरण मुलांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. आई पडवीत खुर्ची टाकून बसली होती. “अजून पाणी घाला, तळाला कोरडा राहील,” असे ती तेथून सांगत होती, आणि गवंडी तिचे ऐकत होता.

मुरलेला चुना, गोडी रेती आणि सुरखी यांचे तीन हात चढले. गोणपाट ओले करून भिंती पंधरा दिवस झाकल्या. प्लायवूड निघाले, खिडक्यांच्या वर झरोके उघडले. पहिल्या पावसाळ्यात ओल दोन वितींवर थांबली, तिसऱ्या पावसाळ्यात पाऊलभर उरली. बुरशी गेली, कुबट वास गेला. खोकला कमी झाला, पण गेला नाही. रोझरीचे पाच दशक मात्र ती पुन्हा एका बैठकीत म्हणू लागली. २०११ च्या जानेवारीत, कोरड्या थंडीच्या दिवसांत, ती त्याच खोलीत गेली.

तिने त्या साऱ्या वर्षांत एकदाही “मी सांगितलं होतं” असे म्हटले नाही. मीही तिची क्षमा मागितली नाही. घर दुरुस्त केले, त्यातच ती मागितली असे धरून चाललो. आता वाटते, भिंतीजवळ मागितलेली क्षमा आईला ऐकू गेली असेलच असे नाही. ती तोंडाने मागायची असते.

गेल्या वर्षी माझा पुतण्या शेजारच्या जागेत घर बांधायला निघाला. त्याचे घर काँक्रीटचेच होणार, आणि मी त्याला चुन्याचा आग्रह धरला नाही. केरळात लॉरी बेकर यांनी चुना, सुरखी आणि साध्या विटा वापरून स्वस्त घरे बांधली. घराचे सामान पाच मैलांच्या आत मिळणारे असावे, असे गांधीजींनी मुंबईतील भेटीत आपल्याला सांगितले, ही आठवण ते सांगत. आज आमच्या पाच मैलांत फक्त इमारती आहेत. चुन्याची घाणी गेली, तो गवंडीही गेला. म्हणून मी पुतण्याला एवढेच विचारले, की पाणी कुठून येईल, येईल ते कुठून बाहेर जाईल, आणि घरात दिवसभर कोण असेल. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याच्या इंजिनिअरकडे होती. तिसऱ्याला तो थांबला आणि म्हणाला, “मम्मी असेल, काका.” मग त्याने नकाशा उलगडला आणि आईच्या खोलीला खिडकी कोणत्या बाजूला आहे ते आम्ही दोघांनी मिळून पाहिले.

माझ्या घरात आता पिशवीतले बारीक मीठ येते. ते सहसा भिजू नये म्हणून त्यात काही मिसळलेले असते. तरी मी फडताळात आईची बरणी ठेवली आहे, खडेमिठाने भरून. जून लागला की झाकण उघडून पाहतो. या वर्षीही तळाशी पाणी दिसले. मग मी तिच्या खोलीत जाऊन भिंतीवर हात ठेवला. हाताला पांढरी भुकटी लागली. मी ती लगेच झटकली नाही.